लुईची रोजनिशी आणि शंभर तासांचं मंत्रिमंडळ

जुलै उजाडला की फ्रेंच राज्यक्रांतीवरचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: सोळाव्या लुईने लोकांचा लाडका अर्थमंत्री नेकर याला लहर आली म्हणून काढलं आणि राणीच्या मर्जीतल्या ब्रतॉयला बसवलं. १४ जुलै १७८९ ला भुकेला जमाव कैदी सोडवायला पॅरिसच्या बॅस्टिल या तुरुंग-किल्ल्यावर धावला. त्या दिवशी राजाने रोजनिशीत ‘काही नाही’ एवढंच लिहिलं. शेवटी जमावाच्या धाकाने शंभर तासांत ते मंत्रिमंडळ कोसळलं. वाचायला चटकदार आहे, म्हणूनच पुढे ढकललं जातं. पण त्या पाच दिवसांतली सगळ्यात मोलाची गोष्ट त्यात नाहीच, आणि जे आहे त्यातलं बरंच चुकीचं आहे.

आधी रोजनिशी. ती वही मुख्यतः शिकारीची होती. शिकार झाली नाही की राजा ‘काही नाही’ लिहायचा. हे ताडायला लांब जायला नको, तीच वही तीन दिवस मागे उलटावी. ११ जुलै १७८९ ची नोंद आहे: ‘काही नाही. श्री. नेकर यांचं प्रस्थान.’ ज्याला खरोखर काही घडलंच नाही असं वाटतं, तो पुढे नेकरचं जाणं कशाला नोंदवील? लुईच्या चुका मोजायच्या तर भरपूर आहेत, पण या एका शब्दावरून त्याला बेफिकीर ठरवणं अन्याय आहे.

‘लहर आली म्हणून’ हेही खरं नाही. पॅरिसभोवती फौजा आणण्याचे हुकूम जूनच्या अखेरीसच सुटले होते. २३ जूनला राजाने तिन्ही वर्गांच्या (धर्मगुरू, उमराव आणि सामान्य) प्रतिनिधींपुढे भाषण केलं, तेव्हा नेकर मुद्दाम गैरहजर राहिला. ते दरबाराला झोंबलं होतं. ८ जुलैला मिराबो या प्रतिनिधीने राष्ट्रीय सभेत, म्हणजे या प्रतिनिधींच्या सभेत, मागणी केली की फौजा मागे घ्या. त्यावर राजाचं उत्तर आलं की फौजा सुव्यवस्थेसाठी आहेत, सभेला भीती वाटत असेल तर तिने दूर नोयाँ किंवा स्वासों या गावी जाऊन बसावं. ११ जुलैला, शनिवारी दुपारी, नेकरच्या हातात बडतर्फीचं पत्र पडलं. गाजावाजा न करता देश सोडावा, असं त्यात होतं. घरी पाहुणे जेवायला होते. नेकरने कोणाला कळू दिलं नाही. जेवण उरकलं, रोजच्यासारखं फिरायला निघाल्यासारखं दाखवून तो पत्नीसह बग्गीत बसला आणि थेट ब्रसेल्सच्या वाटेला लागला. इतक्या बेताने केलेल्या कामाला लहर म्हणत नाहीत. मात्र ब्रतॉय आणि युद्धमंत्री मार्शल ब्रॉय यांनी सभा उधळण्याचा पक्का बेत आखला होता, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. इतिहासकारांत त्यावर अजून वाद आहे.

बॅस्टिलमध्ये त्या दिवशी कैदी होते सात: चार बनावट हुंड्या करणारे, दोन वेडसर आणि एक घराण्याच्या विनंतीवरून डांबलेला उमराव. त्यांच्यासाठी कोणी जीव दिला नाही. त्याच सकाळी लोकांनी अँव्हालीद या जखमी-म्हाताऱ्या सैनिकांच्या आश्रमातून हजारो बंदुका उचलल्या होत्या; पण बंदुकीची दारू नव्हती. दारूची पिंपं होती बॅस्टिलमध्ये. ती मिळवताना सुमारे शंभर माणसं पडली.

भुकेची गोष्ट मात्र खरी, ती मी नाकारत नाही. चार पौंडांची पाव-लादी साडेचौदा सूला (सू म्हणजे तेव्हाचं छोटं नाणं) गेली होती आणि मजुराची दिवसाची कमाई होती वीस-तीस सू. पण ‘भुकेला जमाव’ म्हटलं की बाकीचे दिसेनासे होतात. सरकारी कर्जरोख्यांत पैसा अडकलेल्यांना वाटलं, नेकर गेला म्हणजे दिवाळं निघालं. शहराच्या मतदार-प्रतिनिधींनी १३ तारखेला नगरभवनात बसून नागरी सेना उभारायला घेतली. बॅस्टिलपुढे तोफा लावल्या त्या राजाचीच नोकरी सोडून आलेल्या फ्रेंच गार्डच्या शिपायांनी. बाकीचे लढणारे बहुतेक सँत-आंत्वानच्या वस्तीतले सुतार, कुलूपवाले, चांभार असे कारागीर.

आता त्या मजकुरात नसलेली गोष्ट. १३ जुलैला, बॅस्टिल पडण्याच्या आदल्या दिवशी, व्हर्सायमध्ये राष्ट्रीय सभेने ठराव केला. काढलेल्या मंत्र्यांबद्दल सभेला खेद आहे, आणि सध्याचे मंत्री व राजाचे सल्लागार, ते कोणत्याही हुद्द्याचे असोत, या संकटाला आणि पुढे जे होईल त्याला व्यक्तिशः जबाबदार आहेत. तोवर मंत्री राजाचे नोकर. जाब विचारायचा तर राजाने. बाहेर परदेशी पलटणी तळ ठोकून असताना सभेने हे म्हणायचं धाडस केलं, याला मी बॅस्टिलइतकंच मानतो. १६ तारखेला त्याच सभेत वाद रंगला: मंत्री काढा असं आपण राजाला सांगू शकतो का? मिराबो म्हणत होता, शकतो. दुसरा प्रतिनिधी मुनिए म्हणत होता, मंत्री नेमणं-काढणं हा राजाचा अधिकार, त्यात आपण शिरू नये. संसदीय राज्यपद्धतीतला कळीचा प्रश्न तिथे रोखठोक विचारला गेला, आणि आपण मात्र ‘जमावाने सरकार पाडलं’ म्हणून मोकळे होतो.

मंत्रिमंडळ पडलं त्याचं तातडीचं कारण फौज. पॅरिसमधल्या तुकड्या १२ च्या रात्रीच मागे घेतल्या होत्या. शिपाई गोळी झाडतील याचा भरवसा अधिकाऱ्यांनाच उरला नव्हता. १६ तारखेला राजाच्या बैठकीत व्हर्साय सोडून सरहद्दीकडच्या मेत्सला जाण्याचा विचार झाला. ब्रॉयने सांगितलं ते असं की मेत्सला पोचवता येईल, पण तिथे जाऊन करायचं काय? लुई थांबला, नेकरला परत बोलावणं गेलं.

ते पत्र नेकरला ब्रसेल्सहून पुढे गेल्यावर, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये मिळालं. पॅरिसमध्ये काय घडलं हे त्याला कळलं तेही तिथेच, आणि सांगितलं कोणी? राणीची जिवलग मैत्रीण पोलिन्याक हिने. जिच्या गोटाला नेकर नकोसा होता तीच आता जिवाच्या भीतीने देश सोडून पळत होती.