डिस्क घेतली म्हणजे गेम कायमचा आपला?

कोल्हापुरातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘डाउनलोड नको, डिस्कच घ्या, ती कंपनीच्या बापालाही काढून घेता येत नाही.’ हे अर्धंच खरं. डिस्क मित्राला देता येते, विकता येते, एवढं बरोबर. पण युबीसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम घ्या. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून गेम चालवणारे कंपनीचे कॉम्प्युटर, बंद झाले आणि डिस्कवाल्यांचीही गाडी जाग्यावर थांबली, कारण एकट्यानं खेळायलाही सर्व्हर लागायचा. निन्टेन्डो स्विच २ या गेम खेळायच्या मशीनच्या ‘गेम-की कार्ड’मध्ये तर अख्खा गेम नसतोच, कार्ड घालून वर तो डाउनलोड करायचा! राजारामपुरीत जुनी डिस्क घासाघीस करून घेताना कव्हरवर बारीक अक्षरात ‘इंटरनेट आवश्यक’ अशी इंग्रजी ओळ आहे का, तेवढं आधी बघा.