बीपी नॉर्मल आलं म्हणून बीटा-ब्लॉकर सोडायची?

बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांबद्दल सध्या एक मेसेज फिरतोय: 'मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या रक्त पातळ करून बीपी उतरवतात, हृदय कमजोर करतात. बीपी नॉर्मल आलं की लगेच सोडा.'

'रक्त पातळ करतात.' साफ चूक. ते काम ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलचं, आणि त्यांनी बीपी उतरत नाही. ॲड्रिनॅलिन हे ताणाचं संप्रेरक हृदयातल्या बीटा-१ रिसेप्टरवर (संदेश घेणाऱ्या जागेवर) बसून ठोके वाढवतं; ही औषधं ती जागा आधीच अडवतात. नाडी मंदावते, ठोक्याचा जोर उतरतो, मिनिटाला बाहेर पडणारं रक्त घटतं. मूत्रपिंडातले बीटा-१ अडले की रेनिन हे बीपी चढवायला लावणारं रसायनही कमी सुटतं. मग रक्तवाहिन्या कमी आवळतात आणि अंगात मीठ-पाणी कमी साठतं. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. तिसऱ्याच दिवशी 'गोळी लागू पडत नाही' म्हणून डोस वाढवू नये.

'हृदय कमजोर करतात.' हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तेव्हा, पूर्वी डॉक्टरही या गोळ्या टाळत. १९९९ साली बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन मोठ्या चाचण्यांत अशाच रुग्णांचे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र सुरुवात बिसोप्रोलॉल १.२५ मिलिग्रॅमने, आणि डोस काही आठवड्यांच्या अंतराने वाढवत जास्तीत जास्त १० पर्यंत. सुरुवातीलाच मोठा डोस दिला तर दम लागतो, पाय सुजतात. भीतीचं मूळ बहुधा तिथेच.

खरा आक्षेप या मेसेजला सुचलाच नाही. नुसत्या बीपीसाठी बीटा-ब्लॉकर सहसा पहिली निवड नसते: २००२ च्या लाइफ चाचणीत ॲटेनोलॉलपेक्षा लोसार्टन या वेगळ्या गटातल्या बीपीच्या गोळीवर पक्षाघात कमी झाले. अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), हार्ट अटॅकनंतरचा काळ, अनियमित ठोके असतील तेव्हा ती पुढे येते. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल हा बीटा-ब्लॉकर देऊ नये. मधुमेहात साखर उतरल्याची धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र येतो. घाम फुटला की ग्लुकोमीटर काढा.

'लगेच सोडा.' सगळ्यात धोक्याचं वाक्य हे. गोळी चालू असताना शरीर बीटा रिसेप्टर वाढवून ठेवतं. ती एकदम थांबली की ॲड्रिनॅलिनला जास्त जागा मोकळ्या मिळतात: नाडी पळते, बीपी उसळतं, हृदयविकार असेल तर अँजायना किंवा अटॅकसुद्धा येतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत. गावाला जाताना पट्टी संपत आली आहे का ते आधी बघा, आणि एक्सएल (औषध हळूहळू सोडणारी) गोळी चावू किंवा कुटू नका. नाडी ५० खाली जाऊन चक्कर येत असेल तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.