काकू, मॅप बघतोय!

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरकावं.

दुपारी माहेरहून, पारोळ्याहून जळगावला परत येत होते. एरंडोल मागे पडलं, चौपदरी रस्ता, सगळे सुसाट. आणि समोरची पांढरी गाडी उजव्या लेनमध्ये एकदम उभीच राहिली. इंडिकेटर नाही, काही नाही. बरं, उभी राहिली तर राहिली, ती मागे यायला लागली! हायवेवर रिव्हर्स! मी ब्रेकवर उभी, माझ्यामागे दुधाचा टेम्पो, त्या बिचाऱ्यानं कसाबसा डावीकडून काढला. गाडी शेजारी घेऊन काच खाली केली तर आत पंचविशीतलं पोरगं, मांडीवर फोन. आणि तोंड वर करून मला म्हणतं, "काकू, मॅप बघतोय."

म्हणजे फाटा चुकला त्याचा आणि जीव जाणार आमचा. पुढच्या कटवरून वळून यायला काय होतं रे? पेट्रोल किती जळलं असतं?

माझ्या गाडीतलं यंत्र तुम्ही बहुतेकांनी पाहिलंय आणि त्यावर हसलाही आहात. काचेला रबरी कपानं चिकटवलेलं, तळहाताएवढं, जुनं जीपीएस. यांनी घेतलं होतं, कारण यांना रस्त्यावर थांबून कुणाला विचारायचं म्हणजे कमीपणा वाटतो. त्यातून हिंदीत बोलणाऱ्या बाईचा आवाज येतो, म्हणून घरात त्याचं नाव 'बाई'. "बाई काय म्हणते?" "बाई म्हणते डावीकडे." परवा भाचा गाडीत बसला आणि म्हणाला, "आत्या, हे म्युझियममध्ये द्या ना." त्याच्या बापाला विचार म्हटलं, तोरणमाळला काय झालं होतं ते.

तोरणमाळची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पावसाळ्यात दोन गाड्यांनी निघालो होतो. एक आमची, एक माझ्या भावाची. शहादा, म्हसावद, राणीपूरपर्यंत एकामागोमाग. मग भाऊराया पुढे गेले, कारण नवा फोन, नवा स्टँड, सगळंच नवं. आमची बाई आपली शांतपणे 'सीधे चलते रहिए' म्हणत होती. घाटाच्या वर पोचलो, यशवंत तलावाशी गाडी लावली, भुट्टे खाऊन झाले, तरी भाऊ नाही. फोन लागत नाही. वहिनी आणि दोन लेकरं गाडीत, वरून पाऊस. माझ्या पोटात काय गोळा आला असेल, विचार करा.

झालं असं होतं, की ऐन फाट्यावर त्याच्या दुकानातून फोन आला. खताच्या गाडीचं काहीतरी. फोन आला की पडद्यावरचा मॅप मागे जातो, हे तुम्हालाही माहीत आहे. बोलणं संपेपर्यंत रेंजही संपली. नकाशा करडा, मधोमध निळा ठिपका, बाकी काही नाही. त्या ठिपक्याच्या भरवशावर साहेब एका पाड्याच्या कच्च्या रस्त्याला लागले आणि चिखलात चाक रुतलं. शेवटी पाड्यावरच्या पोरांनी गाडी ढकलून काढली आणि एका मोटारसायकलवाल्यानं पुढे चालून मुख्य रस्त्यापर्यंत आणून सोडलं. वर आला तेव्हा पहिलं वाक्य काय, "नेटवर्कच नई शे ना ताई!"

अरे, पण उपग्रहाला तुझं नेटवर्क लागतंच कुठे? ते वीस हजार किलोमीटरवरून आपापला वेळ आणि जागा सांगत फिरतात, यंत्र फक्त ऐकतं. चार उपग्रह ऐकू आले की आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. रिचार्ज नाही, डेटा नाही. फोनही तेच ऐकतो, म्हणून तर निळा ठिपका जागेवर होता. नकाशा तेवढा इंटरनेटवरून येत होता, तो आला नाही. बाईचा नकाशा तिच्या पोटातच असतो. सातपुड्यात रेंज गेली काय नि राहिली काय, तिला पत्ताही नसतो.

हो, फोनमध्येही नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. माहीत आहे मला, कमेंटमध्ये शिकवू नका. किती जण उतरवून ठेवता ते सांगा.

आणि बाईचे दोष मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. हायवेचा नंबर 53 होऊन जमाना झाला, ती अजून 6 नंबरच धरून बसलीये. रुंदीकरणातला नवा तुकडा आला की आमची गाडी कपाशीच्या शेतातून चाललीय असं दाखवते. पुढे ट्रॅफिक तुंबलंय हे तिला कळत नाही. फार दिवसांनी सुरू केली तर उपग्रह शोधत बसते, तोवर आपण आकाशवाणी चौकात. गावांचाही घोळ आहे. आपल्याकडे पिंप्री आणि वडगाव किती, मोजा. बुद्रुक वेगळं, खुर्द वेगळं, वर सातबाऱ्यावर जुन्या परगण्याची अक्षरं, कुणापुढे प्र.चा., कुणापुढे प्र.भ. एका लग्नाला जाताना तिनं भलत्याच पिंप्रीत नेलं होतं. पण मला सांगा, फोनवाले नाही का जात भलत्या पिंप्रीत? त्याच मांडवात मला दोन भेटले!

खरा मुद्दा वेगळाच आहे. बाईला फोन येत नाही. तिच्यावर व्हॉट्सॲप वाजत नाही, रील येत नाही, नणंदेचा गुड मॉर्निंग येत नाही. ती काचेवर एका जागी असते, तिला मांडीवर घेऊन कुणी बसत नाही. तिला रस्त्याशिवाय दुसरं कामच नाही. भावाच्या फोनला त्या फाट्यावर दोन कामं होती, म्हणून लेकरं पावसात अडकली. रेंज गेली ती नंतर. हे मी त्याला त्याच दिवशी सांगितलं, तर रागावून जेवलाच नाही धड. वहिनी मात्र हळूच म्हणाली, "बरं झालं बोललात." खूप घाबरली होती ती. अजूनही घाट लागला की त्याचा फोन स्वतःच्या हातात घेऊन बसते.

आता आजच्या पोराकडे येते. कायद्यानं हातात फोन धरून गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंग ठरवलंय, 2019 च्या दुरुस्तीत. आणि लगेच पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 2020 पासून, नियमात सूट घातली की रस्ता बघण्यापुरता फोन वापरता येईल, मात्र चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. दुसरा अर्धा भाग कुणी वाचलाच नाही. पोलिसानं अडवलं की सगळ्यांचं पाठ उत्तर तयार, "साहेब, मॅप बघत होतो." साहेब तरी काय करणार? स्क्रीनवर मॅप असतोच. शेतकऱ्याची बैलगाडी आडवी आली की हेच लोक हॉर्न वाजवून त्याला अक्कल शिकवतात.

माझं म्हणणं एवढंच, की तुम्हाला बाई नको तर नका घेऊ, तशी यंत्रं आता दुकानात फारशी दिसतही नाहीत. पण शे-दोनशे रुपयांचा स्टँड घ्या, निघायच्या आधी पत्ता टाका, रस्ता संपेपर्यंत फोन घेऊ नका आणि फाटा चुकला तर पुढे जाऊन वळा. त्या पोराला हे सगळं सांगायचं होतं, पण मागून ट्रक आले आणि मी निघाले. तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, अहिराणीत होतं.

एक काम आहे. मे महिन्याच्या उन्हात बाईचा रबरी कप पार वाळून फाटलाय, सध्या दोरा बांधून चालवतेय. गोलाणी मार्केटमध्ये विचारून झालं, सगळे मोबाईलचे स्टँड दाखवतात, ते तिला बसत नाहीत. कुणाच्या घरी माळ्यावर असं जुनं यंत्र पडून असेल तर त्याचा फक्त कप हवाय. इनबॉक्स करा, मी येऊन घेऊन जाईन. भुसावळ, धरणगाव, चोपडा, कुठूनही चालेल.