अग्रलेखाआधी पगारपत्रक : नाशिकरोडच्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे आणि तिच्यातला राग मला समजतो. जे दैनिक तुमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतंय, त्याला कुणी तिसऱ्याच माणसाने गुण द्यायला बसावं हे खटकणारच. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. नाशिकमध्ये आवृत्ती असलेल्या एका मराठी वृत्तपत्र कंपनीला मी मागच्या लेखात दोन निकषांवर गुण दिले होते. राजकीय तटस्थतेला १० पैकी ५ आणि कर्मचाऱ्यांशी वागणुकीला १० पैकी २. तुमचं म्हणणं असं की वाचकाला खऱ्या बातमीशी मतलब, उपसंपादकाच्या पगाराशी नाही. दोन्ही गोष्टी एकत्र करून मी एका चांगल्या दैनिकाला खाली ओढलं. कांदा निर्यातबंदीच्या वेळी याच दैनिकाने सरकारला धारेवर धरलं होतं, मग ते पक्षपाती कसं. नाव न घेता केलेली टीका म्हणजे आडून केलेला वार. आणि मी स्वतः कोणत्या पक्षाचा ते आधी जाहीर करावं.

नावाचं आधी सांगतो. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर मोजकी माणसं असतात. रात्रपाळीला कोण आहे, कोणाची बदली झाली, कोण कोणाबरोबर चहाला उतरतं, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. नाव छापलं असतं तर माझ्याशी कोण बोललं हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हुडकलं गेलं असतं. ती माणसं अजून तिथेच नोकरीला आहेत, घराचे हप्ते भरत आहेत. म्हणून नाव येणार नाही. तुम्ही अंदाजाने लिहिलेलं नाव मी प्रतिक्रियेतून काढलंय, आणि तो अंदाज बरोबर की चूक हेही मी सांगणार नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही लिहिलंय की तुमची सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये झाली. मग हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. प्रेसमध्ये मजदूर संघ आहे, ओव्हरटाइमचा हिशेब लागतो, आणि 'साहेब, हे नियमात बसत नाही' असं तोंडावर सांगणारा कामगार दुसऱ्या दिवशीही गेटमधून आत येतो. वृत्तपत्राच्या कचेरीत असं बोलण्याची सोय किती उरली आहे, हे पाहिल्याशिवाय तिथून सुटणाऱ्या अंकाला तटस्थतेचे गुण देता येत नाहीत. दोन निकष मी जोडले नाहीत, ते कचेरीतच जोडलेले आहेत.

कायद्यानेही हे फार पूर्वी ओळखलं होतं. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात सलग चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नको, सात दिवसांत सलग २४ तास विश्रांती हवी, असं होतं. कामावरून कमी करायचं तर संपादकाला सहा महिन्यांची आणि बाकीच्या पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागे. या तीन महिन्यांची किंमत लक्षात घ्या. आमदाराचा फोन आला म्हणून मालक चिडला, तरी बातमीदाराला त्याच संध्याकाळी सहजासहजी घरी बसवता येत नसे. त्या तरतुदीचा फायदा पत्रकाराला होता तितकाच तुम्हाला, वाचकालाही होता.

मग वृत्तपत्रांतल्या कर्मचाऱ्यांचे पगार ठरवण्यासाठी केंद्राने नेमलेलं मजिठिया वेतन मंडळ आलं. ३१ डिसेंबर २०१० ला शिफारशी आल्या, ११ नोव्हेंबर २०११ ला केंद्राने त्या अधिसूचित केल्या. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ फेब्रुवारी २०१४ ला हरले. थकबाकी वर्षभरात चार हप्त्यांत द्या, असा आदेश झाला. पण शिफारशींत २०(जे) नावाचं एक कलम होतं. ज्याला आहे तोच पगार ठेवायचा असेल त्याने तीन आठवड्यांत तसं कळवावं, असं ते कलम. ज्यांना मंडळाच्या वेतनश्रेणीपेक्षा आधीच जास्त मिळत होतं त्यांच्यासाठी ते होतं. देशभरातल्या कित्येक कचेऱ्यांत मात्र कमी पगारवाल्यांच्याच सह्या त्याखाली घेतल्या गेल्या.

आपल्या नाशिकमध्ये ते कसं झालं हे मला एका उपसंपादकाने सांगितलं. रात्रीची वेळ, शहर पान छपाईला सोडायचं होतं, मथळ्यावरून फोनाफोनी चालू होती. एचआरचा माणूस छापील कागदांचा गठ्ठा घेऊन डेस्कवर आला. तारखेची जागा कोरी होती. 'ऑफिसची फॉर्मॅलिटी आहे, पटकन करा' एवढंच तो म्हणाला. पान थांबलेलं असताना कागद कोण वाचत बसणार? सगळ्यांनी सह्या केल्या. पुढे ज्यांनी थकबाकीसाठी कामगार उपायुक्तांकडे अर्ज केला, त्यातल्या एकाची बदली विदर्भात झाली. त्याची मुलगी तेव्हा दहावीला होती. त्याने राजीनामा दिला. उरलेल्यांनी काय धडा घेतला असेल, हे वेगळं सांगायला नको.

१९ जून २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २०(जे) चा आधार घेऊन मंडळाने ठरवलेल्या वेतनापेक्षा कमी देता येणार नाही आणि कंत्राटी कर्मचारीही या शिफारशींत येतात. पण मालकांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं नाही. ज्याने त्याने आपली थकबाकी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मागावी, असा मार्ग दाखवला. म्हणजे पुन्हा एकट्या माणसाने अर्ज करायचा, आणि तोही त्याच कंपनीत नोकरी करत असताना. या कंपनीने त्यानंतर नवी माणसं कायम म्हणून घेणंच जवळजवळ बंद केलं. वर्षाचा करार, तोही दुसऱ्याच एका सेवा पुरवणाऱ्या कंपनीशी, आणि करारात 'बातमीदार' हा शब्द नाही. २ गुणांचं कारण हे आहे. ते २ तरी कशाचे, तर पगार वेळेवर होतो आणि महिला कर्मचाऱ्यांना रात्री घरी सोडायला गाडी असते. हे मी मागच्याच लेखात लिहिलं होतं.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात आणि १९५५ चा कायदा त्यांत सामावला गेलाय. डिजिटल माध्यमातले पत्रकार व्याख्येत आले हे चांगलं झालं. मात्र वृत्तपत्रांसाठी वेतन मंडळ नेमण्याची जुनी सोय संहितांमध्ये नाही. पुढच्या पिढीच्या बातमीदाराला मजिठियासारखा आधारही मागता येणार नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

कचेरीतल्या लोकांची ही गत, तर तालुक्याचं काय? तालुका वार्ताहराला मिळणारं मानधन महिन्याच्या पेट्रोललाही पुरत नाही. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. दिवाळी, वर्धापनदिन, १५ ऑगस्ट, नेत्याचा वाढदिवस, प्रत्येक पुरवणीला टार्गेट येतं. असा एक तक्ता मी मोबाइलवर पाहिला. डावीकडे वार्ताहरांची नावं, पुढे रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात जाहिरात कोणाकडून अपेक्षित आहे ते. त्या रकान्यात होते बाजार समितीचे सभापती, एका पतसंस्थेचे अध्यक्ष, एक संस्थाचालक, रस्त्यांची कामं घेणारे दोन ठेकेदार आणि आमदारांचे स्वीय सहायक. त्या तालुक्यात ज्यांच्याविरुद्ध बातमी होऊ शकते अशा माणसांची यादी करायला बसलात, तर हीच नावं निघतील. बाजार समितीत वजनाला काटा मारतात, अशी शेतकऱ्याची तक्रार त्या वार्ताहराकडे आली तर त्याने काय करावं? चार दिवसांनी त्याच सभापतींच्या दारात शुभेच्छा जाहिरातीचं बिल घेऊन त्याला उभं राहायचंय, आणि बिल थकलं तर वसुलीही त्याच्याच मानगुटीवर. त्याला कोणत्याही पक्षाचा झेंडा दिलेला नाही. तरी तो तटस्थ राहू शकत नाही.

हे टोकाला गेलं की काय होतं ते महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिलंय. एकाच उमेदवाराचं तेच कौतुक त्याच शब्दांत वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून आलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीला आणलं, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, सविस्तर अहवाल केला, आणि निवडणुकीत जिल्हा पातळीवर माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या समित्या आल्या. पण समिती बघते निवडणुकीपुरतं. टार्गेटचा तक्ता बारा महिने फिरत असतो.

आता कांद्याचं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री निर्यातबंदीचा निर्णय आला, तेव्हा या दैनिकाने लासलगाव, पिंपळगाव, चांदवडच्या शेतकऱ्यांची बाजू पहिल्या पानावर घेतली. मंत्र्यांचं नाव घेऊन प्रश्न विचारले. ४ मे २०२४ ला बंदी उठली, २० मेला आपल्याकडे लोकसभेचं मतदान होतं, त्या दोन तारखांमधलं अंतरही त्यांनी वाचकाला दाखवलं. ते काम उत्तमच होतं, आणि तटस्थतेला ३ ऐवजी ५ गुण मी त्याचमुळे दिले. पण दिल्लीवर टीका करायला नाशिकच्या दैनिकाला फारसा खर्च येत नाही. उलट निम्मा जिल्हा कांद्यावर जगतो, तेव्हा अंक खपतो. मी त्यांचे अंक लावून बसलो तेव्हा मला दिसलं ते असं की सत्ता जितकी लांब तितकी लेखणी धारदार, आणि शरणपूर रोडच्या, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयाच्या, जवळ येईल तसतशी बोथट.

महापालिकेचंच बघा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती होता. महासभेत उठून प्रश्न विचारणारं कोणी नाही, स्थायी समितीत भांडणारं कोणी नाही. अशा काळात शहराला प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे वर्तमानपत्र. तेव्हा या दैनिकाच्या शहर पानावर ठेक्यांच्या बातम्या यायच्या त्या बहुतेक प्रसिद्धीपत्रकाच्या भाषेत. खड्डे, पाणीकपात, मोकाट कुत्री यावर रोज ओरड असायची. पण खड्डा ज्याने बुजवायचा त्या ठेकेदाराचं नाव क्वचितच. २०२५ च्या अखेरीला कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रश्न पेटला तेव्हाही आधी लोक रस्त्यावर आले आणि मग शहर पानाला जाग आली. कुंभमेळ्याची कामं जोरात आहेत, जाहिरातीही जोरात आहेत. पानभर जाहिरात एका बाजूला आणि तिच्यासमोर त्याच कामाची स्तुती, त्यावर बातमीदाराचं नाव नाही आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'विशेष उपक्रम', हे कोणत्याही रविवारच्या अंकात तुम्हाला सापडेल. भिंग लागणार नाही, पण चष्मा लावा.

मी कोणत्या पक्षाचा, हा तुमचा प्रश्न. कोणत्याही पक्षाचा सभासद नाही. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच नाही, कारण मी जे तपासलं ते तुमच्याही घरात रद्दीच्या गठ्ठ्यात आहे. एकाच आठवड्यात दोन पक्षांचे मेळावे झाले असतील तर कोणाचा फोटो गर्दीचा आणि कोणाचा रिकाम्या खुर्च्यांचा, ते बघा. आरोपाच्या बातमीत ज्याच्यावर आरोप त्याचं म्हणणं त्याच दिवशी आहे की नाही. मार्च २०१८ मध्ये सीबीएस चौकातून किसान मोर्चा निघाला तेव्हा वनहक्काच्या मागण्यांना किती जागा मिळाली आणि वाहतूक कोंडीला किती. एका पक्षाला झुकतं माप आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पालकमंत्री बदलला की झुकण्याची दिशा बदलते, एवढंच लिहिलं होतं, आणि त्यावर मी ठाम आहे.

'सगळीच दैनिकं अशी आहेत' हे तुमचं वाक्य खरं असेलही. मग सगळ्यांनाच कमी गुण मिळतील. 'गावकरी' आणि 'देशदूत' वाचत मोठं झालेलं हे शहर आहे. इथल्या वाचकाने एवढ्याशावर समाधान मानावं असं मला वाटत नाही.

गुण वाढू शकतात, आणि त्यासाठी फार मोठं काही करायला नको. वार्ताहराच्या मानेवरचं जाहिरातीचं टार्गेट काढा, ते काम जाहिरात विभागाला द्या. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा एकच शब्द ठळक छापा. बातमीदाराला बातमीदार म्हणून करार द्या. तुम्हाला स्वतः काही पडताळायचं असेल तर अंकाच्या शेवटच्या पानावर तळाला मुद्रक-प्रकाशकाची ओळ असते, तिथून कंपनीचं अधिकृत नाव घ्या आणि भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर टाका. किती कर्मचाऱ्यांचा निधी भरला जातो ते दिसतं. मग त्या कंपनीच्या आवृत्त्या किती, पानं किती, याचा विचार करा. प्रेसमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाला इतक्या कामाला किती हात लागतात याचा अंदाज माझ्याहून चांगला येईल.

कंपनीची बाजू घेतली नाही, असंही तुम्ही शेवटी म्हटलंय. लेख टाकण्याआधी मी त्यांच्या निवासी संपादकांना आणि एचआरला लेखी प्रश्न पाठवले होते : २०(जे) च्या कागदांवर तारीख का नव्हती, विदर्भातल्या बदलीचं कारण काय, टार्गेटचा तक्ता कोणाच्या मंजुरीने फिरतो. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. मागच्या सोमवारी तेच प्रश्न पुन्हा पाठवलेत. उत्तर आलं तर एक शब्दही न कापता इथे टाकीन, आणि त्यात दम असेल तर त्याच दिवशी गुण बदलीन. तोवर ५ आणि २ कायम आहेत.