‘वेटरला खर्चच काय असतो?’

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: वेटर होण्यासाठी काही शिकावे लागत नाही, ताटे नेली-आणली की झाले, राहणे-खाणे फुकट असल्यामुळे पगार जसाच्या तसा शिल्लक पडतो, वर टिप इतकी मिळते की नवशिक्या इंजिनिअरने तोंडात बोट घालावे, बिलात सर्व्हिस चार्ज असतोच, तेव्हा वेगळे पैसे ठेवणे हा भोळेपणा आहे, आणि इतके सगळे असूनही मराठी मुले लाजेपायी हे काम परप्रांतीयांना आंदण देतात. मी पुण्यातल्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये आधी वेटर आणि पुढे कॅप्टन, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा, म्हणून काम केले आहे. या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक वाक्य ग्राहकाच्या खुर्चीवरून लिहिलेले आहे, असे माझे मत आहे.

शिकावे लागत नाही, असे म्हणणाऱ्याने रविवारी रात्री नऊ वाजता आठ जणांच्या एका टेबलाची ऑर्डर घेऊन पाहावी. बाहेरून किचन एकच दिसत असले तरी आत तंदूर, चायनीज आणि साउथ इंडियन असे वेगवेगळे विभाग असतात, आणि प्रत्येकाचा वेग निराळा असतो. डोसा तव्यावरून उतरल्यावर काही मिनिटांतच मऊ पडतो, तंदुरी रोटी गार झाली की वातड होते, भाजी मात्र हंडीत थोडा वेळ तग धरते. त्यामुळे जाणता वेटर सगळी ऑर्डर एकदम आत टाकत नाही. सूप निम्मे संपल्याचे तो लांबूनच हेरतो, त्या बेताने स्टार्टर काढायला सांगतो आणि रोटीची केओटी, म्हणजे किचनमध्ये द्यायची चिठ्ठी, भाजी टेबलावर पोहोचायच्या अंदाजाने लावतो. त्या आठांत एकाला जैन जेवण हवे असते, लहान मुलीची भाजी बिनतिखट हवी असते आणि आजोबांच्या चहात साखर चालणार नसते. हे सारे खुर्च्यांच्या क्रमाने लक्षात ठेवावे लागते: दाराजवळची खुर्ची पहिली आणि पुढे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. ताट हातात घेऊन ‘जैन कोणाचे?’ असे विचारावे लागले, तर ग्राहक काही बोलत नाही, पण कॅप्टन नंतर सुनावतो. याच वेळी आणखी चार टेबले त्याच्याकडे असतात, आणि तंदूरवाला उस्ताद चिडलेला असेल तर त्याच्याकडून दोन रोट्या आधी काढून घेण्यासाठी जी गोडीगुलाबी करावी लागते, ती तर कोणत्याच अभ्यासक्रमात नाही.

राहणे-खाणे फुकट, हा दावा वरकरणी खरा आहे आणि म्हणूनच सर्वांत फसवा आहे. खोली म्हणजे बहुतेक ठिकाणी हॉटेलच्या माळ्यावरची किंवा मागच्या चाळीतली जागा, जिथे माणसे जास्त आणि अंथरुणे कमी असतात. काही ठिकाणी तर रात्री टेबले बाजूला सारून तिथेच पथारी पडते. पण मुद्दा गैरसोयीचा नाही. कामगार मालकाच्या जागेत राहत असला की तो कायम हाताशी असतो. सकाळी अकरा ते साडेतीन आणि संध्याकाळी सात ते बारा, अशी ब्रेक शिफ्ट त्याच्याच जिवावर चालते. मधले तीन-साडेतीन तास कागदोपत्री सुट्टीचे असतात. प्रत्यक्षात त्यांत नॅपकिनच्या घड्या घालणे, काटे-चमचे पुसणे आणि उरलेल्या वेळात डुलकी काढणे एवढेच होते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मुळात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती, आणि जादा कामासाठी दुप्पट दराने मोबदला ठरवला होता. तो मोबदला हातात पडलेला वेटर मी तरी पाहिलेला नाही. शिवाय या कायद्याचा भर मुळातच 10 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर होता, त्यामुळे कोपऱ्यावरचे छोटे हॉटेल त्याच्या बहुतेक तरतुदींतून आधीच सुटलेले होते.

आणि खोली ‘फुकट’ तरी कुठे असते? मालक पगार ठरवताना ‘राहणे-खाणे आमचे’ हे आधी बोलतो आणि आकडा नंतर सांगतो. वास्तविक 1948 चा किमान वेतन कायदा आणि त्याची जागा घेणारी 2019 ची वेतन संहिता, दोन्ही वेतनाच्या व्याख्येतून राहण्याच्या जागेचे मूल्य वगळतात. म्हणजे खोली दिली म्हणून किमान वेतन कमी करता येत नाही. व्यवहारात ते सर्रास केले जाते. टिपचेही तेच: ‘वरचे मिळतेच की’ हे पगार न वाढवण्याचे सर्वांत जुने कारण आहे. ज्यांना हा मजकूर फायदे म्हणतो, त्यांच्यावर बोट ठेवूनच पगार खाली धरला जातो.

टिप खरोखर चांगली मिळते, अशी ठिकाणे आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. शनिवारच्या रात्री चालत्या परमिट रूममध्ये अनुभवी वेटरचा दिवस उत्तम जातो. परंतु असे आठवड्याचे एक-दोन दिवस पाहून महिन्याचा हिशेब मांडता येत नाही. श्रावणात किंवा परीक्षांच्या दिवसांत हाच माणूस रिकाम्या टेबलांकडे बघत उभा असतो. पुष्कळ ठिकाणी टिप डब्यात जमा होऊन भांडीवाल्यापासून कॅप्टनपर्यंत हिश्शाने वाटली जाते, आणि ते रास्तच आहे, कारण स्वच्छ ताट ही एकट्या वेटरची कमाई नव्हे. त्यात यूपीआय आल्यापासून बडीशेपच्या बशीत सुट्टे पैसे परत येणेच थांबले. ग्राहक क्यूआर कोड स्कॅन करून बिलाएवढीच रक्कम भरतो आणि उठतो. इंजिनिअरशी तुलना करणारे आणखी एक विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आयटीसीच्या हॉटेलांसंबंधीच्या आयकर प्रकरणात, ग्राहकाने दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे, असे म्हटले. ज्याच्या कमाईचा मोठा भाग टिपचा आहे, त्याचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी उरलेल्या लहान भागावर मोजली जाते, आणि तीही मुळात मोजली जात असेल तर. इंजिनिअरच्या पगारातून पळून गेलेल्या ग्राहकाचे बिलही कापले जात नाही. वेटरच्या पगारातून ते कापले जाते, जरी कायद्याने अशा कपातीआधी त्याचा हलगर्जीपणा दाखवून द्यावा लागतो आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

सर्व्हिस चार्जबद्दल थोडक्यात सांगता येईल. बिलावरचा जीएसटी, जो साध्या रेस्टॉरंटमध्ये 5 टक्के असतो, तो सरकारचा. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो हॉटेलच्या खात्यात जातो आणि त्यातला किती वाटा वेटरला द्यावा, हे मालकाच्या मर्जीवर किंवा कामगार संघटनेशी झालेल्या करारावर अवलंबून असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तो आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. आपल्या गल्लीतल्या उडुपी हॉटेलात किंवा खानावळीत तर तो कधी नव्हताच, म्हणजे हा युक्तिवाद ज्या थोड्या ठिकाणांना लागू पडतो, तिथेही तो पुरता लागू पडत नाही.

राहिला मराठी मुलांच्या लाजेचा प्रश्न. मालवण, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यांतल्या खानावळींत आणि हायवेवरच्या ढाब्यांवर मराठी मुले वाढतातच, आणि गोव्यातल्या हॉटेलांतही सिंधुदुर्गातली मुले आहेत. मोठ्या शहरांत ती कमी दिसतात, याचे कारण भरतीच्या पद्धतीत आहे. उडुपी हॉटेलांच्या मालकांनी आपल्या गावाकडची मुले आणली, ती माळ्यावर राहिली, त्यांतली काही मुंबईच्या कन्नड रात्रशाळांत शिकली. आज तीच साखळी झारखंड, ओडिशा आणि नेपाळपर्यंत गेली आहे. एकाने भावाला आणायचे, भावाने गावातल्या मित्राला. कल्याणला घर असलेल्या मुलाला या साखळीत जागा नाही, कारण दादरच्या हॉटेलात शेवटचे टेबल पुसून होईपर्यंत त्याची शेवटची लोकल निघून गेलेली असते आणि घर असताना माळ्यावर झोपायला तो तयार नसतो. मालकालाही तो नकोच असतो. दहा मिनिटांवर घर असलेला माणूस आठवड्याची सुट्टी मागतो, आणि न मिळाल्यास दुसऱ्या दिवशी येत नाही.