डावा-उजवा सांभाळा!

जुन्या स्टीरिओ स्लाइड (डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी दोन वेगळी चित्रं, एकत्र पाहिली की खोली दिसते) कपाटात कुजवू नका, स्कॅन करून दाखवा, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण जपून! म्हापशाच्या घरात काकांच्या अशा स्लाइडच्या दोन पेट्या निघाल्या, 'स्टीरिओ रिअलिस्ट'वर काढलेल्या. १९४७ साली बाजारात आलेला हा ३५ मिमीचा दोन भिंगांचा कॅमेरा. स्कॅन करताना माझ्याकडून डावं-उजवं चित्र अदलाबदल झालं आणि मांडवीचा पलीकडचा काठ फेरीबोटीच्या पुढे आला! कोडाक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म अंधारात राहिल्याने रंग अजून टवटवीत. कडा मात्र बुरशीने खाल्ल्यात. आपला पावसाळा, दुसरं काय. आता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवल्यात. आणि पुठ्ठ्याच्या चौकटी फेकू नका हं. 'बोडगेश्वराची जत्रा' हे काकांनी पेन्सिलीने तिथेच लिहिलं होतं.