बोट सुटले तरी स्ट्रायकर का चालतो?

“बल लावले की वस्तू चालते, बल संपले की थांबते. स्थिर वस्तूवर बल नसते. जड वस्तू हलक्या वस्तूच्या आधी पडते. घर्षण हा गतीचा शत्रू आहे.” चौथी-पाचवीच्या मुलांना विज्ञान सोपे जावे म्हणून पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका तक्त्यातील ही चार वाक्ये आहेत. ती रोजच्या अनुभवाशी जुळल्यासारखी वाटतात, आणि म्हणूनच एकदा डोक्यात बसली की पुढे नववीत न्यूटनचे नियम शिकतानाही निघत नाहीत.

पहिले वाक्य कॅरमवर तपासता येते. टिचकी मारताना बोट स्ट्रायकरला क्षणभरच टेकते. पुढे बोटाचे बल उरत नाही, तरी स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून परत येतो. तक्ता खरा असता तर बोट सुटताच तो जागीच थांबला असता. त्याला थांबवते ते पटाचे घर्षण बल. पावसाळी हवेत पट जड चालतो आणि बोरिक पावडर भुरभुरली की तेवढ्याच टिचकीने स्ट्रायकर कितीतरी लांब जातो, हे खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. विरोध अजिबात नसेल तर सपाटीवरचा गोळा थांबण्याचे कारणच नाही, हा विचार गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडण्याच्या प्रयोगांतून मांडला आणि न्यूटनने १६८७ मध्ये त्याला पहिल्या नियमाचे रूप दिले. १९७७ मध्ये सोडलेले व्हॉयेजर १ हे यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने दूर जात आहे. त्याला मागून कोणी ढकलत नाही. मग सपाट रस्त्यावरही सायकलला पायडल का मारत राहावे लागते, असे मूल विचारेल, आणि ते विचारायलाच हवे. घर्षण आणि हवेचा विरोध सायकलचा वेग कमी करत असतात, त्यांची बरोबरी करण्यासाठी पायडल मारावे लागते. बल लागते ते गती टिकवण्यासाठी नव्हे, बदलण्यासाठी.

दुसऱ्या वाक्याला रस्सीखेच पुरेशी आहे. दोन्ही बाजूंचा जोर सारखा असला की दोर जागचा हलत नाही, पण खेळाडूंचे तळहात सोलवटतात. तेथे बले आहेतच. ती संतुलित आहेत, इतकेच.

तिसरे वाक्य अर्धवट आहे. दोन सारखे कागद घेऊन एकाचा बोळा करावा आणि दोन्ही एकदम सोडावेत. वजन तेच असूनही बोळा आधी पडतो, कारण फरक हवेच्या विरोधाचा आहे. १९७१ मध्ये अपोलो १५ या चांद्रमोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉटने हवा नसलेल्या चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले, तेव्हा दोन्ही बरोबरच खाली टेकली. जड वस्तूवर गुरुत्व बल जास्त असते हे खरे. मात्र तिचे जडत्वही, म्हणजे गती बदलण्याला होणारा विरोधही, त्याच प्रमाणात जास्त असते, म्हणून ती आधी पडत नाही. (गॅलिलिओने इटलीतील पिसा शहराच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची गोष्ट मी मुद्दाम टाळली आहे, कारण ती घडल्याचा भक्कम पुरावा नाही.)

चौथे वाक्य लिहिणारा शेवाळलेल्या फरशीवरून कधी चालला नसावा. चालताना पाऊल जमिनीला मागे रेटते आणि जमीन घर्षणामुळेच आपल्याला पुढे ढकलते. चिखलात अडकलेल्या गाडीचे चाक जागीच गरगर फिरते, तेव्हा त्याखाली गोणपाट किंवा खडी टाकतात, ती घर्षण वाढवून गाडी पुढे काढण्यासाठीच.